प्री-सेटल्डपासून सेटल्डपर्यंत : ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधील वास्तव्याचा हक्क कागदोपत्री पक्का कसा करावा

ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडला आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्या तारखेपूर्वी तेथे राहत असलेल्या युरोपीय नागरिकांचे हक्क माघार कराराच्या दुसऱ्या भागाने राखले आहेत, पण ब्रिटनमध्ये ते आपोआप लागू होत नाहीत. प्रत्येक व्यक्तीला ‘ईयू सेटलमेंट स्कीम’खाली अर्ज करून दर्जा मिळवावा लागतो. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन, साउथॉल, वेम्बली येथे स्थायिक झालेली गोवेकर कुटुंबे आणि लेस्टरमधील दमण-दीवची कुटुंबे या योजनेत मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी अनेकांकडे अजून प्री-सेटल्ड स्टेटस, म्हणजे पाच वर्षांचा तात्पुरता दर्जा आहे. त्यावरून सेटल्ड स्टेटसकडे, म्हणजे बेमुदत वास्तव्याकडे कसे जायचे, याविषयी हा लेख आहे. युरोपात राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांची व्यवस्था निराळी असल्यामुळे ती येथे घेतलेली नाही.

सर्वांत जास्त नुकसान एका गैरसमजाने होते : “होम ऑफिसने (म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याने) मुदत वाढवल्याचा ईमेल आला, म्हणजे आपले काम झाले.” तसे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ दुसरा अर्ज वेळेत केला नाही म्हणून कोणाचा वास्तव्याचा हक्क संपत नाही. हा खटला नागरिकांच्या हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेने, म्हणजे इंडिपेंडंट मॉनिटरिंग अथॉरिटीने, होम ऑफिसविरुद्ध चालवला होता. त्यानंतर प्री-सेटल्ड दर्जाची मुदत आपोआप वाढू लागली. सप्टेंबर २०२३ पासून आधी दोन वर्षांची आणि पुढे पाच वर्षांची वाढ मिळू लागली. मात्र मुदतवाढीमुळे तात्पुरता दर्जा तात्पुरताच राहतो. जानेवारी २०२५ पासून काही जणांचा दर्जा होम ऑफिस सरकारी नोंदींच्या आधारे स्वतःहून सेटल्ड करत आहे, परंतु ज्यांची कर किंवा भत्त्यांची सलग नोंद नाही अशा गृहिणी, वृद्ध आई-वडील आणि रोखीने कामे केलेली माणसे त्या चाळणीतून निसटतात. त्यांनी वाट पाहत बसू नये.

## १. आपण या योजनेत बसतो का, हे आधी ठरवा

कागद जमवण्यापूर्वी पुढीलपैकी आपण कोणत्या गटात येतो ते निश्चित करावे, कारण चुकीच्या गटातून केलेला अर्ज कितीही पुराव्यांनी सजवला तरी टिकत नाही.

पहिला गट म्हणजे ३१ डिसेंबर २०२० रोजी किंवा त्यापूर्वी युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहत असलेल्यांचा. त्यांच्याकडे प्री-सेटल्ड दर्जा असेल तर पुढील सर्व टप्पे त्यांच्यासाठी आहेत. दुसऱ्या गटात अशा नागरिकांचे कुटुंबीय येतात. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट भारतीय असला तरी चालतो. सावंतवाडीची किंवा कोल्हापूरची सून भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये आली असेल, तर तिचा दर्जा पतीच्या दर्जावरून उगम पावलेला असतो, परंतु अर्ज तिचा स्वतंत्र असतो.

तिसरा गट आहे तो पोर्तुगीज पासपोर्ट हाती आल्यानंतर २०२१ किंवा त्यापुढे पहिल्यांदा ब्रिटनला गेलेल्यांचा. त्यांना या योजनेखाली स्वतःच्या बळावर कोणताही हक्क मिळत नाही. त्यांचा पासपोर्ट युरोपीय संघातील सत्तावीस देशांत चालतो, पण ब्रिटनमध्ये नोकरीसाठी त्यांना इतर परदेशी नागरिकांप्रमाणेच व्हिसा लागतो. ‘पोर्तुगीज पासपोर्ट काढा आणि लंडनला जा’ हा सल्ला गोव्यात अजूनही ऐकू येतो; पासपोर्टसाठी खर्च करण्यापूर्वी तो सल्ला जुना झाला आहे हे लक्षात घ्यावे.

चौथा गट छोटा, पण अडचणीचा आहे. २०२० पूर्वीपासून ब्रिटनमध्ये असून ३० जून २०२१ ही अंतिम तारीख ज्यांनी चुकवली, त्यांना उशिरा अर्ज करता येतो. मात्र उशिराचे सबळ कारण द्यावे लागते. ९ ऑगस्ट २०२३ पासून हे कारण पटले नाही तर अर्ज अवैध ठरवून बाजूला ठेवला जातो आणि त्यावर अपील करता येत नाही. गंभीर आजार, घरगुती छळ किंवा अल्पवयीन मुलासाठी पालकांनी अर्ज न करणे अशी कारणे विचारात घेतली जातात. ‘माहीत नव्हते’ एवढेच पुरेसे ठरण्याची शक्यता आता फार कमी आहे.

इशारा : योजनेखालील अर्जाला शुल्क नाही. कोणी ‘होम ऑफिसची फी’ म्हणून पैसे मागत असेल तर तेथूनच परत फिरावे. सल्ल्यासाठी पैसे घेणारी व्यक्ती सॉलिसिटर नसेल, तर तिची नोंदणी इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे असली पाहिजे. जानेवारी २०२५ पर्यंत हीच संस्था ओआयएससी या नावाने ओळखली जात होती. नोंदणीची यादी ऑनलाइन पाहता येते.

## २. खाते, फोन आणि पासपोर्ट एकमेकांशी जुळवा

हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून लोक तो शेवटी ठेवतात, आणि नेमके तेथेच अडकतात. आता दर्जाचे कोणतेही कार्ड नाही. तो पूर्णपणे डिजिटल असून यूकेव्हीआय (होम ऑफिसचा व्हिसा व इमिग्रेशन विभाग) खात्यात ई-व्हिसाच्या रूपात दिसतो. खात्यात शिरण्यासाठी नोंदलेल्या ओळखपत्राचा क्रमांक, जन्मतारीख आणि फोनवर किंवा ईमेलवर येणारा सांकेतिक क्रमांक लागतो. पहिला अर्ज २०१९ किंवा २०२० मध्ये भाच्याने, शेजाऱ्याने किंवा एजंटाने भरला असेल, तर नोंदलेला फोन नंबर बहुधा त्याचाच असतो.

म्हणून क्रमाने असे करावे. प्रथम ज्या पासपोर्टवर मूळ अर्ज केला होता त्याच्या क्रमांकाने खात्यात शिरावे. तो पासपोर्ट कालबाह्य झाला असला तरी खाते आधी त्याच क्रमांकाला ओळखते. नंतर फोन आणि ईमेल स्वतःचे करून घ्यावेत. शेवटी नवा पासपोर्ट खात्याला जोडावा. प्रौढांचा पोर्तुगीज पासपोर्ट पाच वर्षांचाच असल्यामुळे पहिल्या अर्जावेळचा पासपोर्ट आतापर्यंत बहुतेकांचा बदललेला असतो. नवा पासपोर्ट जोडलेला नसेल तर विमान कंपनीच्या यंत्रणेला प्रवाशाचा दर्जा सापडत नाही, आणि दाबोळी, मोपा किंवा मुंबईच्या काउंटरवर बोर्डिंग पास अडतो. जुना नंबर बंद पडल्यामुळे खाते उघडतच नसेल, तर खाते परत मिळवण्याची ऑनलाइन सोय वापरावी किंवा सेटलमेंट रिझोल्यूशन सेंटरला, म्हणजे योजनेच्या मदत केंद्राला, फोन करावा. त्यात काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून हे काम अर्जाच्या खूप आधी हाती घ्यावे.

तपासा : खात्यात शिरून शेअर कोड, म्हणजे दुसऱ्याला आपला दर्जा ऑनलाइन तपासू देणारा सांकेतिक क्रमांक, काढून पाहा. नोकरीसाठीचा कोड ‘डब्ल्यू’ने, भाड्याच्या घरासाठीचा ‘आर’ने आणि इतर कामांसाठीचा ‘एस’ने सुरू होतो, आणि तो ९० दिवस चालतो. कोड निघाला, नाव व फोटो बरोबर दिसले, तर पुढे जावे.

## ३. साठ महिन्यांचा हिशेब मांडा

जुन्या नियमाप्रमाणे सलग पाच वर्षांच्या वास्तव्यात कोणत्याही बारा महिन्यांत एकूण सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास सलगता तुटत असे. बाळंतपण, गंभीर आजार, शिक्षण, नोकरीतील परदेशी नेमणूक अशा महत्त्वाच्या कारणासाठी एकदा बारा महिन्यांपर्यंतची सूट होती, आणि कोविडकाळात अडकलेल्यांसाठी वेगळी सवलत होती. या नियमात अनेक गोवेकर अडकले, कारण आई-वडिलांच्या आजारपणासाठी किंवा घरबांधणीसाठी सात-आठ महिने गोव्यात राहणे ही आपल्याकडे सर्वसाधारण गोष्ट आहे.

१६ जुलै २०२५ पासून सोपी कसोटी आली आहे. प्री-सेटल्ड दर्जा मिळून पाच वर्षे झालेल्या व्यक्तीने अर्जाच्या तारखेपासून मागे मोजलेल्या ६० महिन्यांत एकूण किमान ३० महिने ब्रिटनमध्ये काढलेले असतील, तर ती सेटल्ड दर्जासाठी पात्र ठरू शकते. हे ३० महिने सलग असण्याची गरज नाही. पाच वर्षे अजून पूर्ण झाली नसतील, तर सलग वास्तव्याचा जुना मार्ग धरावा.

एक कल्पित उदाहरण मांडून पाहू. अर्जाची तारीख १ मार्च २०२६ धरली, तर मोजायचा काळ १ मार्च २०२१ पासून २८ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचा. अर्जदार मार्च २०२१ ते मार्च २०२२ असे १३ महिने स्विंडनमध्ये होती. एप्रिल २०२२ ते सप्टेंबर २०२३ हे १८ महिने वडिलांच्या सेवेसाठी म्हापशाला राहिली. ऑक्टोबर २०२३ पासून फेब्रुवारी २०२६ पर्यंतचे २९ महिने पुन्हा स्विंडनमध्ये. जुन्या नियमाने तिची सलगता तुटली असती. नव्या नियमाने १३ आणि २९ मिळून ४२ महिने होतात आणि ती पात्र ठरते.

मात्र ही खिडकी सरकती आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जो आधी ब्रिटनमध्ये दीर्घकाळ राहिला आणि आता गोव्यातच जास्त असतो, त्याने अर्ज जितका लांबवला तितके त्याचे जुने, उपयोगी महिने खिडकीतून बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी गोव्यातले महिने आत येतात. अशा माणसाने ३० महिन्यांची मर्यादा ओलांडलेली असतानाच अर्ज करावा. उलट, जो अलीकडेच परतला आहे त्याने थोडे थांबण्यात शहाणपण असू शकते.

प्रवासाच्या तारखा आठवणीतून लिहू नयेत. ब्रिटनच्या ई-गेटवर शिक्का पडत नाही, पण पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या) कार्डावर भारतात येणाऱ्याच्या पासपोर्टवर भारतीय इमिग्रेशनचे येण्या-जाण्याचे शिक्के असतात. त्यांवरून बाहेरचा काळ जवळजवळ पूर्ण उभा करता येतो. जुना पासपोर्ट नूतनीकरणानंतर फेकून देऊ नये तो याचसाठी. शिक्के पुसट असतील तर विमान कंपन्यांचे जुने ईमेल पाहावेत, आणि तेही नसतील तर होम ऑफिसकडे आपल्याविषयीची माहिती मागण्याचा विनाशुल्क अर्ज करावा. त्यात प्रवासाच्या नोंदी मागता येतात.

इशारा : २१ मे २०२४ पूर्वी प्री-सेटल्ड दर्जा सलग दोन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास संपत असे. त्या दिवसापासून ही मर्यादा पाच वर्षांची झाली. परंतु ज्याचा दर्जा त्या तारखेपूर्वीच दोन वर्षांच्या गैरहजेरीने गेला, त्याला नवा नियम तो परत देत नाही, जरी ऑनलाइन खात्यात दर्जा अजून दिसत असला तरी. अशा व्यक्तीने अर्ज करण्यापूर्वी नोंदणीकृत सल्लागाराला भेटावे.

## ४. पुरावे : कोणाचे, कोणत्या काळाचे, किती

अर्जात नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, म्हणजे ब्रिटनमधला सामाजिक विम्याचा वैयक्तिक क्रमांक, दिला की होम ऑफिस करखात्याच्या आणि भत्ते खात्याच्या नोंदी स्वतः तपासते. पगारी नोकरी करणाऱ्याचे काम बहुधा येथेच भागते आणि त्याला एकही कागद द्यावा लागत नाही. गाठ पडते ती उरलेल्यांशी, म्हणून या टप्प्यावर वेळ द्यावा.

आधी एक साधा तक्ता करावा. डावीकडे ६० महिने एकाखाली एक लिहावेत. ज्या महिन्यांत ब्रिटनमध्ये होतो त्यांपुढे खूण करावी, आणि त्या प्रत्येक महिन्यासमोर कोणता कागद आहे ते लिहावे. रिकाम्या जागा लगेच दिसतात आणि पुढचे सगळे श्रम त्यांच्यावरच करायचे असतात. हा तक्ता न करता हाती लागेल ते सगळे अपलोड करणे ही दुसरी मोठी चूक. एकाच वर्षाची बारा वीजबिले आणि दुसऱ्या वर्षाचे काहीच नाही, असे अर्ज पुष्कळ असतात.

कागद दोन प्रकारचे आहेत. काही कागद दीर्घ काळ झाकतात : मालकाने दिलेला पी-६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला), वर्षभरात किमान सहा महिन्यांचे व्यवहार दाखवणारे बँकेचे वार्षिक विवरण, नोकरी आणि तिचा काळ सांगणारे मालकाचे पत्र, कौन्सिल टॅक्सचे (घरावरील स्थानिक कराचे) बिल, शाळा-कॉलेजचे उपस्थितीचे पत्र. अशा एका कागदाने बारा महिन्यांपर्यंतचा काळ भरून निघू शकतो. दुसरे कागद एका महिन्यापुरते असतात : पे-स्लिप, वीज-पाण्याचे बिल, जीपीचे (नोंदणी असलेल्या स्थानिक डॉक्टरचे) किंवा रुग्णालयाचे तारखेचे पत्र, एका महिन्याचे बँक विवरण. रिकाम्या जागा आधी दीर्घ कागदांनी भराव्यात आणि उरलेल्या भेगा मासिक कागदांनी बुजवाव्यात. फोटो, वाढदिवसाची कार्डे, नातेवाइकांची किंवा मित्रांची ‘हा येथेच राहतो’ अशी पत्रे वास्तव्याचा पुरावा म्हणून घेतली जात नाहीत. देवळातल्या किंवा चर्चमधल्या कार्यक्रमाचे फोटो जोडणारे अर्जदार वेळ वाया घालवतात.

गृहिणीच्या बाबतीत घरातले प्रत्येक बिल पतीच्या नावावर असते, आणि म्हणूनच सरकारच्या लेखी ती त्या घरात नसते. यावर उपाय मागे जाऊन करता येत नाही, तो आजपासून करावा लागतो. कौन्सिल टॅक्सच्या नोंदीत आणि भाडेकरारात तिचे नाव घालावे, तिच्या नावाचे बँक खाते उघडून त्यातून नियमित खरेदी करावी, आणि जीपीकडे नोंद असल्याची खात्री करावी. मागच्या काळासाठी जीपीकडून भेटींच्या तारखांसह पत्र, मुलांच्या शाळेकडून पालक म्हणून संपर्कात असल्याचे पत्र आणि प्रसूतीचे कागद उपयोगी पडतात. केवळ ‘ही आमची नोंदणीकृत रुग्ण आहे’ एवढेच लिहिलेले पत्र कमकुवत असते. नोंदणीनंतर माणूस देश सोडून गेला असू शकतो. तारखा लिहून मागाव्यात.

वृद्ध आई-वडिलांसाठीही हेच लागू, पण त्यांच्याकडे बहुधा एक मजबूत पुरावा असतो आणि तोच विसरला जातो : औषधांच्या नियमित नोंदी आणि रुग्णालयाच्या भेटींची पत्रे.

तपासा : प्रत्येक कागदावर अर्जदाराचे नाव, तारीख आणि ब्रिटनमधला पत्ता किंवा संस्था दिसते का? मोबाइलवर काढलेला फोटो वाचता येतो का? मराठी, पोर्तुगीज किंवा अन्य भाषेतल्या कागदासोबत इंग्रजी भाषांतर आहे का, आणि त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही व तारीख आहे का?

## ५. नावांची तफावत अर्जापूर्वी मिटवा

गोव्यातल्या कुटुंबांची ही खास अडचण आहे. पोर्तुगीज नोंदीत आईचे आणि वडिलांचे अशी दोन्ही आडनावे येतात, भारतीय दाखल्यात एकच असते. हिंदू कुटुंबांत लग्नानंतर आडनावच नव्हे, तर कित्येकदा मुलीचे पाळण्यातले नावही बदलले जाते, आणि मग जन्मदाखल्यावर एक, विवाहनोंदणीवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे नाव दिसते. आपल्याला ते एकाच बाईचे आहे हे दिसते; अधिकाऱ्याला तीन बायका दिसतात.

नातेसंबंधावर आधारलेल्या अर्जात हे फार महाग पडते. म्हणून विवाहनोंदणीची नक्कल, जन्मदाखला आणि नावबदलाची अधिकृत नोंद एकत्र ठेवावी. गोव्यातील जन्मनोंदीतले नाव बदलायचे असेल, तर त्यासाठी १९९० चा नाव-आडनाव बदल कायदा आहे. पोर्तुगालमध्ये विवाहाची नोंद झालेली नसेल, तर तीही करून घ्यावी. ब्रिटनच्या अर्जासाठी ती प्रत्येक वेळी लागतेच असे नाही, पण लंडन किंवा मँचेस्टरच्या पोर्तुगीज वकिलातीत पुढची कामे त्यावाचून अडतात. सगळी नावे आणि ती का बदलली याचे एका पानाचे साधे निवेदन अर्जासोबत द्यावे, आणि अर्जात ‘इतर नावे’ विचारली असतील तेथे ती सर्व लिहावीत. लपवलेले जुने नाव नंतर सापडले, तर तफावतीपेक्षा लपवणे जास्त नडते.

## ६. कुटुंबातल्या अर्जांचा क्रम लावा

घरातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो, तान्ह्या बाळाचाही. पण क्रम बरोबर लावला तर कष्ट निम्मे होतात. आधी त्या पालकाचा अर्ज करावा ज्याचा हिशेब सर्वांत पक्का आहे. त्याला सेटल्ड दर्जा मिळाला की २१ वर्षांखालील मुलांना बहुतेक प्रसंगी स्वतःची पाच वर्षे न भरताही त्याच्या आधारे सेटल्ड दर्जा मागता येतो. मुलांचे अर्ज पालकाच्या अर्जक्रमांकाशी जोडावेत. पती किंवा पत्नीला ही सवलत नाही. त्यांना आपला काळ स्वतःच भरावा लागतो.

ब्रिटनमध्ये जन्मणाऱ्या बाळाच्या बाबतीत तारीख निर्णायक ठरते. जन्माच्या वेळी आई किंवा वडिलांकडे सेटल्ड दर्जा असेल, तर बाळ जन्मतःच ब्रिटिश नागरिक असते; त्याच्यासाठी या योजनेत अर्ज करू नये, थेट ब्रिटिश पासपोर्ट मागावा. दोघांकडेही केवळ प्री-सेटल्ड दर्जा असेल, तर बाळासाठी तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि पुढे पालक सेटल्ड झाल्यावर अठरा वर्षांच्या आत त्याची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते, पण तिला मोठे शुल्क पडते. घरात पाळणा हलणार असेल तर पात्र पालकाने अर्ज लांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भारतातून येणाऱ्या नातेवाइकांनी शक्यतो आधी योजनेचा फॅमिली परमिट, म्हणजे कुटुंबीयांचा प्रवेश परवाना, घ्यावा; तोही विनाशुल्क आहे. ब्रिटनमध्ये आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुख्य अर्ज करायचा असतो. पती-पत्नीचे नाते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत अस्तित्वात आलेले असले पाहिजे. साखरपुडा २०२० मध्ये आणि लग्न २०२२ मध्ये, ही परिस्थिती आपल्याकडे सर्रास आढळते, आणि ती बहुधा या योजनेत बसत नाही, कारण साखरपुड्याला ‘टिकाऊ जोडीदारी’ मानले जात नाही. तिच्यासाठी साधारणपणे दोन वर्षांच्या सहवासाचा किंवा तितक्याच ठोस नात्याचा पुरावा अपेक्षित असतो. अशा जोडप्यांना सर्वसाधारण कुटुंब-व्हिसाचा मार्ग उरतो, आणि तेथे ११ एप्रिल २०२४ पासून वार्षिक २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे.

आई-वडिलांना आणायचे असेल तर ते आर्थिकदृष्ट्या अवलंबून आहेत हे दाखवावे लागते. बँकेतून नियमित पाठवलेले पैसे, औषधोपचाराची बिले आणि ती कोणी भरली याचा माग हे कागद कामाचे. सुट्टीवर येताना हातात दिलेली रक्कम कितीही मोठी असली तरी तिचा पुरावा राहत नाही.

इशारा : घटस्फोट किंवा युरोपीय जोडीदाराचा मृत्यू झाल्यावर भारतीय पासपोर्टवरील व्यक्तीचा हक्क लगेच संपतोच असे नाही. घटस्फोटाआधी विवाह किमान तीन वर्षे टिकला असून त्यांपैकी किमान एक वर्ष ब्रिटनमध्ये गेले असेल, किंवा घरगुती छळ झाला असेल, तर हक्क राखून ठेवण्याची तरतूद आहे. छळ सोसणाऱ्या स्त्रीने ‘व्हिसा नवऱ्याच्या हातात आहे’ या धमकीवर विश्वास ठेवण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

## ७. अर्ज भरताना

येथवर नीट तयारी झाली असेल, तर अर्ज भरणे हा सर्वांत छोटा टप्पा आहे. नव्या अर्जात प्री-सेटल्ड दर्जा आहे हे नमूद करावे, ओळख पटवावी, पत्ता आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक द्यावा. ओळख पटवण्याच्या अॅपवर पासपोर्टची चिप वाचली जात नसेल तर फोनचे जाड कव्हर काढून पुन्हा प्रयत्न करावा. भारतीय पासपोर्टवरील कुटुंबीयांना बोटांचे ठसे देण्यासाठी केंद्रात बोलावले जाऊ शकते.

यंत्रणेने सरकारी नोंदी तपासून निकाल दाखवला, की तो न वाचता पुढे जाऊ नये. बहुतेक चुका येथे होतात. नोंदी अपुऱ्या असल्यास यंत्रणा तसे सांगते आणि कागद जोडण्याची संधी देते. ती संधी सोडून ‘पुढे’ दाबणारा आपला पक्का हिशेब अधिकाऱ्यापर्यंत पोहोचूच देत नाही. चौथ्या टप्प्यातल्या तक्त्याप्रमाणे केवळ रिकाम्या महिन्यांचे कागद जोडावेत, आणि ६०-३० चा हिशेब मांडलेले छोटे पत्र सोबत द्यावे.

अठरा वर्षांवरील अर्जदाराला गुन्ह्यांविषयी विचारले जाते. शिक्षा झाली असेल तर ती लिहावी, भारतातलीही. सामान्य वाहतूक दंडाने दर्जा जात नाही, परंतु खोटे उत्तर स्वतंत्र गुन्ह्यासारखे वागवले जाते.

## ८. निर्णयापर्यंत आणि निर्णयानंतर

अर्ज वैध ठरला की अर्ज केल्याचे प्रमाणपत्र मिळते. निर्णय येईपर्यंत हक्क चालू राहतात, आणि प्री-सेटल्ड दर्जा असलेल्याचा तोही कायम असतो. मालकाने नोकरीवर ठेवल्यानंतर केवळ मुदतीसाठी पुन्हा तपासणी करण्याची गरज नाही. ऑनलाइन तपासणीत प्री-सेटल्ड दर्जाची समाप्तीची तारीख आता मालकाला दाखवलीही जात नाही. कोणी तारखेवरून कामावरून काढण्याची भाषा करत असेल, तर नवा शेअर कोड देऊन हे लेखी कळवावे. होम ऑफिसने पत्राने किंवा ईमेलने जादा पुरावा मागितला तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. उत्तर न आल्याने नाकारले गेलेले अर्ज हळहळ वाटावी इतके असतात, आणि त्यांचे कारण पुष्कळदा दुसऱ्या टप्प्यातला परका ईमेल पत्ताच असतो.

सेटल्डऐवजी प्री-सेटल्डच कायम राहिला, तर दोन वाटा आहेत. हिशेब किंवा पुरावा कमी पडला असेल तर नवा, भरीव अर्ज करणे बहुधा लवकरचे आणि बिनखर्चाचे. अधिकाऱ्याचेच चुकले असेल तर प्रथमस्तरीय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. ब्रिटनमध्ये असणाऱ्याला निर्णयापासून १४ दिवस, बाहेर असणाऱ्याला २८ दिवस मिळतात. ५ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या निर्णयांवर होम ऑफिसमधल्याच फेरतपासणीची सोय राहिलेली नाही, म्हणून त्या आशेवर १४ दिवस घालवू नयेत.

युनिव्हर्सल क्रेडिटसारख्या भत्त्यांसाठी फरक मोठा आहे. सेटल्ड दर्जा एकटा पुरतो, तर प्री-सेटल्ड दर्जाबरोबर नोकरी, स्वयंरोजगार किंवा कुटुंबीयाचा आधार असा वास्तव्याचा वेगळा हक्क दाखवावा लागतो. अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, असा हक्क नसलेल्या व्यक्तीवर मूलभूत गरजाही भागवता येणार नाहीत अशी वेळ येत असेल, तर तिला निव्वळ दर्जावर बोट ठेवून भत्ता नाकारता येत नाही. भत्त्याचा अर्ज नाकारला गेल्यास या मुद्द्यावर सल्ला घ्यावा.

सेटल्ड दर्जा मिळाल्यावर तो ब्रिटनबाहेर सलग पाच वर्षांहून अधिक काळ राहिल्यासच संपतो. त्यामुळे गोव्यात दोन-तीन वर्षे राहून परतण्यास हरकत नाही, फक्त परतल्याचा पुरावा जपावा. पासपोर्ट दर पाच वर्षांनी बदलेल तेव्हा तो खात्याला त्याच आठवड्यात जोडावा. ब्रिटिश नागरिकत्व हवे असेल तर सेटल्ड दर्जा मिळून साधारण बारा महिने झाल्यावर अर्ज करता येतो. जोडीदार ब्रिटिश असेल तर एवढे थांबावे लागत नाही. मात्र तेथे ‘६० महिन्यांत ३०’ हा सोपा हिशेब चालत नाही आणि गैरहजेरीचे नियम अधिक कडक आहेत, म्हणून तिसऱ्या टप्प्यात केलेली प्रवासाच्या तारखांची वही पुढेही लिहीत राहावी.